सतरा तारखेची नाइट

२१ जानेवारी, रविवार

आज आमचं इंटरनेट मागच्या हेमराजच्या घरात गेलं. मागच्या भिंतीवरून वायर, वायरच्या टोकाले आमचा जुना राउटर, आन् काम फत्ते. सारं गुंजननं केलं. हेमराजची ही पोरगी दुर्गच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. स्टुलावर चढली तर मी खालून म्हणलं, "पड पड, मंग तुझी माय माझ्या नावानं बोंबलन." तर म्हणते, "काका, तुम्ही फक्त स्टूल धरा. सुपरवायजरी नंतर करजा."

आता चौंतीस वर्षं लोखंडाच्या प्लांटात, मिलमध्ये सुपरवायजरीच केली, ती कशी सुटते? हेमराजही माझ्याच हाताखाली लागला होता. त्याच्या घरांच्या लाइनीत कंपनीवाले कनेक्शन देऊन नाही राहिले, वायरीचा डब्बा भरला म्हणते. पोरीले घरून शिकवण्या घ्यायच्या असतात. म्हणलं, आम्ही नवरा-बायको आन् पोरगा, तीन माणसं, एवढं नेट काय लोणचं घालाले आहे का? घे ना बाप्पा.

अभिनव मात्र तोंड वाकडं करून बसला. "पापा, स्पीड आधी हो जाएगी." अर्धी झाली तर झाली. पोरगा माझा, पण मराठी फक्त रागात किंवा तापात बोलते. पुण्याची नोकरी सोडून आला त्याले वर्ष झालं. घरूनच काम करते. काय करते ते मले समजत नाही, पण दार लावून करते.

गुंजननं माझ्या मोबाइलात एक ॲप टाकून दिलं. दोन्ही घरातलं कोणतं मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं, सारं दिसते. एकदम कंट्रोल रूम! मी दिवसभरात वीस वेळा पाहिलं.

२८ जानेवारी, रविवार

ॲपमध्ये मशीनची नावं काहीच्या बाही होती. सगळी बदलून टाकली. 'अभिनव लॅपटॉप', 'विजया मोबाइल', 'गुंजन कॉम्प्युटर', 'हेमराज मोबाइल'. आता रोज सकाळी सहाले रात्रीचा हिशेब या वहीत उतरवतो. विजया म्हणते, "अजी, रिटायर झाले ना तुम्ही? कोणाले रिपोर्ट द्यायचा आहे?" तिले काय सांगू. जो माणूस लॉग लिहीत नाही त्याच्या मशीनचा काही भरोसा नाही.

आन् लिहायचं तर मिलच्याच रीतीनं. आमच्या इकडे नाइट शिफ्ट ज्या तारखेले लागली त्या तारखेत लिहायची. पाच तारखेच्या रात्री दहाले लागला आन् सहा तारखेच्या सकाळी सहाले सुटला, तरी ती पाचचीच नाइट. नवीन लागलेले पोट्टे इथंच चुकत. मी एकाले तर पूर्ण पान पुन्हा लिहाले लावलं होतं. भूषण नाव होतं त्याचं, रडला होता.

३ फेब्रुवारी, शनिवार

मृणालचं जमलं म्हणे. बँकेतला पोरगा, रायपूरचा. ही मृणाल म्हणजे दिवाळीत अभिनवसाठी आलेलं स्थळ. गुंजनच्याच शाळेत मास्तरीण. पाहणं झालं, चहा-पोहे झाले, आन् मंग "मुलाचं काम नक्की काय ते समजलं नाही" म्हणून नाही सांगतलं. मोठी आली समजणारी! बातमी गुंजनच घेऊन आली, आन् वरून सांगत होती की कॉम्प्युटर लॅबच्या चार्जवरून तिचं आन् मृणालचं स्टाफरूममध्ये वाजलं. या पोरीचं तोंडही कमी नाही.

अभिनवनं ऐकलं. जेवला नाही. संध्याकाळी आपण होऊन मले विचारलं, "पापा, वो बायोडाटा के साथ फोटो आए थे न, आपके मोबाइल में?" मी म्हणलं, पाह्य बाप्पा, असतील. घेऊन गेला मोबाइल. डिलीट केले असतील. बरं झालं, मनातून काढून टाकलं म्हणजे सुटला. पोरगा समजदार आहे माझा, लोकाले दिसत नाही एवढंच.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

हेमराज, त्याची बायको रंभा, गुंजन, सारे दुपारीच नंदिनी नगरले गेले. रंभाच्या भाच्याचं लग्न. घराची चाबी विजयाजवळ.

नाइट: पल्याडचं सारं बंद. अभिनव लॅपटॉप पूर्ण नाइट चालू. पोरगा मर मर काम करून राहिला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

लग्नातले लोक संध्याकाळी आले. रंभानं बुंदी आणून दिली. अभिनव दुपारी रायपूरले मित्राकडे गेला, उद्या येणार.

नाइट: गुंजन कॉम्प्युटर पूर्ण नाइट चालू. परीक्षेचे पेपर काढून राहिली होती म्हणे. अभिनव लॅपटॉप बंद.

२४ फेब्रुवारी, शनिवार

लय वाईट ऐकलं. मृणालच्या नावानं कोणीतरी खोटं खातं काढलं, तिचे फोटो टाकले आन् खाली असं घाण घाण लिहिलं की विजयाले रंभानं ते वाचूनही नाही दाखवलं. नवऱ्याकडच्याले, शाळेतल्या मास्तरांले, गल्लीतल्यालेही पाठवलं. लग्न मोडलं. पोरगी घराबाहेर पडून नाही राहिली. तिच्या बापाले दवाखान्यात टाकलं आहे.

फोटो हिरव्या साडीतले आहेत म्हणे. तेच, आमच्याकडे बायोडाटासंग आलेले. आता असे फोटो कितीक घरी जातात, कोणाकोणाले धरणार? विजया एकदम म्हणली, "तुम्ही ते फोटो कोणाले दिले होते?" मी म्हणलं, मी कायले देईन कोणाले, बह्याडासारखी विचारू नको. ती माझ्याकडे पाहत राहिली, मंग उठून गेली.

२५ फेब्रुवारी, रविवार

अभिनवच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आला. सारं पुसून नवीन टाकलं त्यानं. मी म्हणलं, गुंजनले दाखवायचं होतं ना. तर केवढ्यानं ओरडला अंगावर. कामाचं टेन्शन आहे पोराले.

विजया आजकाल त्याचं ताट खोलीत नेऊन देत नाही. "बाहेर येऊन जेव," म्हणते. मायलेकात काय बिनसलं कोणास ठाऊक.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

अक्षर पहा कसं आलं. आज दुपारी पोलीस घरी आले. आख्ख्या जन्मात आमच्या दारात पोलीस आला नव्हता. सारी लाइन फाटकात उभी राहून पाहत होती.

ते घाण जिथून टाकलं ते इंटरनेट माझ्या नावाचं आहे. माझ्या! मी म्हणलं, साहब, आमचं नेट दोन घरात चालते. तर ते म्हणाले, बाहेरून पाहिलं तर दोन्ही घरं मिळून एकच नंबर दिसते, आत कोणतं मशीन होतं ते त्याहीले दिसत नाही. उद्या दुर्गले या म्हणले.

ते गेल्यावर अभिनव बाहेर आला. चेहरा पांढरा. म्हणला, "पापा, कंप्यूटर का इतना नॉलेज किसको है यहाँ? और झगड़ा किसका हुआ था मृणाल से?" मी म्हणलं, चूप बस. गुंजन माझ्यासमोर लहानाची मोठी झाली.

संध्याकाळी गुंजनच आली. घाबरली होती, पण हसून म्हणली, "काका, तुमच्या वहीत तर सारंच लिहून असते ना? वही दाखवा साहेबाले. म्हणजे मी सुटली, तुम्हीही सुटले." मले कसं सुचलं नाही! म्हणलं, पोरी, चिंता करू नको. चौंतीस वर्षांत माझ्या लॉगवर कोणी बोट नाही ठेवलं.

विजया म्हणली, "वही नेऊ नका." कावून म्हणून विचारलं तर सांगत नाही. बायकांच्या जातीले पोलिसाचं भेव.

१ मार्च, शुक्रवार

दुर्गहून आलो. जेवलो नाही.

साहेब चांगला होता, खुर्ची दिली. कागद पाहून म्हणला, "सत्रह तारीख. रात के चार चालीस." मी वही उघडली, सतराची नाइट काढली. गुंजन कॉम्प्युटर, पूर्ण नाइट चालू. अभिनव बंद. माझ्याच हाताचं अक्षर.

मी दोनदा वाचलं. साहेबानं विचारलं, "पक्का?" मनात आलं, म्हणावं की चष्मा नव्हता, काहीतरी चुकलं असन. पण लॉगमध्ये जे आहे ते आहे. आपला माणूस म्हणून रीडिंग बदललं असतं तर मिल कधीचीच बसली असती. म्हणलं, "चौंतीस साल लॉग लिखा साहब, एक दिन गलत नहीं." त्याहीनं पानाचा फोटो काढला, माझी सही घेतली.

गुंजन! या पोरीनं स्वतः म्हणलं होतं वही दाखवा. काय छाती आहे! तिले वाटलं असन म्हातारा काय पाहते. माझं मन एवढं कधीच दुखलं नव्हतं.

आन् खोटं कायले लिहू, बसमध्ये बसल्यावर हायसंही वाटलं. का वाटलं ते सांगता येत नाही.

५ मार्च, मंगळवार

गुंजनचा कॉम्प्युटर पोलीस घेऊन गेले. शाळेनं तिले काढलं. रंभा आंगणात बसून छाती पिटत होती. मी खिडकी लावून घेतली.

भिंतीवरची वायर मीच कापली. अभिनव म्हणला, "पहले दिन ही बोला था न, पापा." आज तो बाहेर येऊन जेवला, दोन वेळा भात घेतला. विजया त्याले वाढता वाढता थांबली, आन् पळी तशीच भातात ठेवून मोरीत गेली. लय वेळ नळ चालू होता.

१० मार्च, रविवार

हेमराज आला. बसला नाही. दारात चपला काढून उभाच राहिला, जसा मिलमध्ये माझ्या टेबलासमोर राहायचा.

"भाऊ," म्हणला, "एक गोष्ट फक्त सांगा. साहेब म्हणते सतरा तारीख, पहाटे चार चाळीस. सतराच्या पहाटे आमी नंदिनीले होतो जी. सोळाच्या रात्री लग्न लागलं. मांडवातले फोटो आहेत, गुंजन दिसते त्यात. साहेब म्हणते, फोटोचं सोड, कॉम्प्युटरवाली पोरगी आहे, तिकडून चालवला असन. शेजाऱ्याच्या लॉगमध्ये मशीन चालू आहे. भाऊ, आमच्या घराले तर कुलूप होतं. मेन स्विच मी स्वतः पाडून गेल्तो. कसं चालू असन?"

मी म्हणलं, लॉगमध्ये आहे ते आहे. तो म्हणला, "तुमचा लॉग चुकत नाही, मले माहीत आहे. म्हणूनच विचाराले आलो." आन् हात जोडले. मले, हेमराजनं.

तो गेल्यावर वही काढली. चार चाळीस. सतराचे चार चाळीस.

अरे देवा.

सतराची पहाट म्हणजे सोळाची नाइट.

मी पान उलटलं. सोळा, शुक्रवार. पल्याडचं सारं बंद. अभिनव लॅपटॉप पूर्ण नाइट चालू.

साहेबानं कॅलेंडरची तारीख सांगतली आन् मी शिफ्टची उघडली. त्या भूषणले मी ज्यासाठी रडवलं तेच. रीत मीच शिकवली आन् मीच विसरलो की मिलच्या फाटकाबाहेर ती रीत कोणाले माहीत नाही.

हिरव्या साडीतले फोटो. माझाच मोबाइल. मीच दिला.

११ मार्च, सोमवार

दार ठोकून आत गेलो. म्हणलं, सोळाच्या नाइटले काय करून राहिला होतास? "काम, पापा." माझ्याकडे पाह्य म्हणलं. नाही पाहिलं. मी वही समोर धरली तर म्हणला, "आप अब पलटोगे तो झूठा बयान आप पे ही लगेगा. सोच लो." सत्तावीस वर्षांचा पोरगा बापाले कायदा शिकवून राहिला.

मी हात उचलला होता. तर एकदम रडाले लागला, आन् मराठीत. "बाबा, मी काय मारलं का तिले? दोन शब्द लिहिले. सगळ्यांसमोर माझी काय इज्जत ठेवली होती तिनं?" लहानपणी सायकलवरून पडला की असाच 'बाबा' म्हणायचा. मधल्या बारा-पंधरा वर्षांत मले कोणी बाबा म्हणलं नाही.

हात तसाच खाली आला. मी त्याच्या डोक्यावरून फिरवला. लाज वाटते लिहाले, पण फिरवला.

१३ मार्च, बुधवार

उद्या दुर्गले जाईन म्हणतो. साहेबाले सांगीन, तारखेची चूक झाली. पण मंग तो विचारन, सोळाच्या नाइटले कोण चालू होतं?

गुंजन भिंतीपल्याड कपडे वाळू घालत होती. मले पाहून आत गेली नाही, तोंडही फिरवलं नाही. "काका," एवढंच म्हणली. मी घाईघाईनं म्हणलं, "हाव, हाव, कुकरची शिट्टी झाली," आन् पळालो. घरात कुकर नव्हताच लावला.

१५ मार्च, शुक्रवार

गेलो नाही.

१७ मार्च, रविवार

सकाळी गोंदियाहून फोन आला. ओमप्रकाश नावाचे गृहस्थ, आमच्याच समाजातले. पोरगी बी.एड. झालेली आहे, दामिनी नाव. अभिनवचा बायोडाटा कोणीतरी दिला त्याहीले. सरळच म्हणले, "भाऊ, तुम्ही प्लांटची जुनी माणसं. मुलगा कसा आहे, तुमच्या तोंडून ऐकलं की माझं समाधान होईल."

मी म्हणलं, "पोरगा निर्व्यसनी आहे जी. घरातच असते. कोणाच्या अध्यात ना मध्यात." सारं आपोआप निघालं तोंडातून.

विजयानं माझ्या हातातून फोन घेतला. हिसकला नाही, घेतला. म्हणली, "भाऊसाहेब, मी मुलाची आई बोलते. तुमची लेक इथे देऊ नका." आन् ठेवून दिला.

मी ओरडलो. म्हणलं, पोराचं वाटोळं करून राहिली का? ती म्हणली, "ते झालं करून. तुम्हाले फोटोचं विचारलं त्याच दिवशी मले समजलं होतं. मीही गप बसली, रंभानं आणलेली बुंदी खाऊनही गप बसली. उद्या तिच्या पोरीवर केस कोर्टात जाते. मी दुर्गले जाऊन राहिली. तुम्ही चला संग."

तिनं वही मागतली. मी पेटीत ठेवून कुलूप लावलं.

१८ मार्च, सोमवार

सकाळी तिनं आंघोळ केली, ती निळी सुती साडी नेसली, चहासुद्धा नाही घेतला. चौकातून ऑटो बोलावून आणला. फाटकात उभी राहून म्हणली, "येता का जी?" मी म्हणलं, पाठीत उसण भरली आहे. तिनं हाव म्हणलं आन् बसली. हेमराजच्या खिडकीत रंभा उभी होती. सारं पाहत होती.

साडेअकराले फोन आला. साहेबच होता. "दयाराम जी, आपकी मिसेज़ यहाँ बैठी हैं. बोल रही हैं तारीख़ में गड़बड़ है, सोलह की रात देखो, लड़का हमारा ही था. क्या बात है?"

अभिनव खोलीच्या दारात येऊन उभा होता. मले फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणलं, "साहब, उनका दिमाग़ ठीक नहीं रहता. लड़के की शादी नहीं जम रही, उसी का टेंशन. जो मैंने लिखवाया वही सही है."

साहेब म्हणला, "मुझे भी वैसा ही लगा. ठीक है, ऑटो में बिठा देते हैं." मागे तिचा आवाज येत होता. ती साहेबाले नाही, मलेच हाक मारत होती, माझं नाव घेऊन. पस्तीस वर्षांत तिनं कधी माझं नाव नाही घेतलं.

अभिनव म्हणला, "थँक यू, बाबा," आन् दार लावून घेतलं.

आता दीड वाजला. वांगी चिरली, कुकर चढवला. ती उपाशीच गेली होती.